त्रेसष्ट गुण

अंतिम सामना सुरू व्हायला दहा मिनिटं उरली होती आणि पिवळ्यांच्या बेंचवर सातच पोरी होत्या. पलीकडे निळ्यांच्या बाराजणी, दोन प्रशिक्षक, एक फिजिओ, बर्फाची पेटी आणि केवळ बाटल्या भरायला नेमलेली एक बाई, असा सगळा जामानिमा होता. निळा संघ सलग तीन वर्षं मुलींच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलचा राष्ट्रीय विजेता. पिवळ्या या स्पर्धेत यंदा पहिल्यांदाच आल्या होत्या. पहिल्या दिवशी नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाने त्यांना मदतीला आलेल्या मुली समजून खुर्च्या मांडायला लावल्या होत्या. त्यांनी निमूटपणे शंभर खुर्च्या मांडल्या, आणि मग जर्सी घालून त्याच माणसासमोर सही करायला उभ्या राहिल्या.

त्यांच्या कप्तानाला सगळे लवंगी म्हणत. खरं नाव हजेरीपटात कुठेतरी होतं, पण ते ऐकलं की तिलाच दचकायला व्हायचं. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, आणि जीभ त्याची सगळी कसर भरून काढणारी. बास्केटबॉलमध्ये एवढ्याशा मुलीचं काय काम, असं विचारणाऱ्यांना ती म्हणायची, "चेंडू खालीच पडतो ना शेवटी? तिथं मी असते."

तिची आत्या प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसली होती. आईविना पोरीला तिनेच लहानाचं मोठं केलेलं. आत्या एका लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर उभी राहायची. पिवळ्या जर्सींवरचे आकडे तिनेच इस्त्रीने चिकटवले होते, त्यामुळे संघाच्या व्यवस्थापनात आपलाही वाटा आहे अशी तिची पक्की समजूत होती. या खेळातले दोनच नियम तिला ठाऊक होते. चेंडू बास्केटमध्ये गेला पाहिजे, आणि आपल्या पोरीला कोणी हात लावता कामा नये. दुसरा नियम उलट बाजूनेही लागू होतो, हे तिला अजिबात मान्य नव्हतं. तिच्या शेजारी कुबड्या घेऊन पिवळ्यांची आठवी खेळाडू बसली होती. कालच्या उपांत्य सामन्यात घोटा मुरगळून ती पडली होती.

आता या पोरी इथपर्यंत पोचल्या कशा, ते सांगायला हवं. त्यांच्या कॉलेजात एक हॉल होता, पण तो अर्धाच त्यांचा. उरलेल्या अर्ध्यात परीक्षेची बाकं छतापर्यंत रचलेली होती, आणि पलीकडची बास्केट त्या बाकांच्या मागे कुठेतरी गडप झाली होती. त्यामुळे तीन वर्षं त्या अर्ध्याच कोर्टावर, एकाच बास्केटवर खेळल्या. तिघी विरुद्ध तिघी, दोन्ही बाजूंचं लक्ष्य तेच. पंच नव्हता. फाऊल कशाला म्हणायचं यावर पहिल्या वर्षी इतकी भांडणं झाली, की शेवटी सगळ्यांनी मिळून एक सोपा नियम केला. रक्त दिसलं तर फाऊल, नाहीतर खेळा पुढे. अशा जागेत वाढलेल्या पोरी वीतभर फटीतून वळायला शिकतात. हाताने अडवायलाही शिकतात, आणि तो हात मग आवरता येत नाही.

त्यांना शिकवायच्या ग्रंथपाल बाई. कॉलेजला क्रीडाशिक्षक परवडत नव्हता, आणि बाई कधीकाळी खेळलेल्या आहेत असं कोणाच्या तरी कानावर आलं होतं. बाईंनी जन्मभर लोकांना गप्प बसवलेलं, त्यामुळे ओरडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्या कोर्टाच्या कडेला उभ्या राहून एक, दोन किंवा तीन बोटं वर करायच्या आणि पोरी त्याप्रमाणे जागा बदलायच्या. निळ्यांचा प्रशिक्षक घसा खरवडून ओरडत असताना बाई अशा उभ्या असत, जणू कोणाचं पुस्तक परत यायची वाट बघतायत.

सामना सुरू झाला आणि पहिल्या अर्ध्या तासात निळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लवंगी त्यांच्या हातांखालून निघायची. खांब चेंडू घ्यायला तयारच असायची. खांब म्हणजे पिवळ्यांची सहा फुटी सेंटर, जिला वाकून बोलायची इतकी सवय झाली होती, की ती उंच माणसांशीही वाकूनच बोलायची. आणि अबोली, जी दिवसाकाठी दहा शब्द बोलली तर घरचे तिला ताप आलाय का बघायचे, ती कोपऱ्यात उभी राहून एकामागून एक बास्केट घालत होती. मध्यंतराला फलकावर आकडे होते अडतीस-पंचवीस. पिवळ्या तेरा गुणांनी पुढे.

आत्या उठून उभी राहिली आणि मागच्या रांगेतल्या अनोळखी माणसाला म्हणाली, "ते आकडे मी चिकटवलेत." त्याला वाटलं ती फलकाबद्दल बोलतेय. तो आदराने सरकून बसला.

तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला खांबने तो प्रताप केला. निळ्यांचा एक नेम चुकला, चेंडू कड्यावर आपटून वर उडाला, खांबने तो दोन्ही हातांत अलगद झेलला आणि शांतपणे, सुरेख, पुन्हा वर ठेवून दिला. आपल्याच बास्केटमध्ये. तीन वर्षांत एका बास्केटखाली चेंडू हातात आला की ती हेच करत आली होती. तिचं मन काही म्हणायच्या आत हातांनी काम उरकलं होतं. निळ्यांच्या बेंचवरच्या सातजणी खो खो हसत सुटल्या. नियमाने ते दोन गुण निळ्या कप्तानाच्या नावावर लागले. तिला बिचारीला आपण ते कधी मिळवले हेच कळेना.

खांबच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लवंगीने तिच्या पोटात कोपर मारलं, कारण खांद्यापर्यंत तिचा हात पोचत नसे. "रडायचं असेल तर पळत पळत रड. चल."

पण खरं दुखणं वेगळंच होतं. पंच कडक होते, आणि पिवळ्यांच्या हातांना अर्ध्या हॉलची सवय. मनगटावर टप्, फाऊल. पाठीला हात, फाऊल. पोरी चकित होऊन पंचांकडे बघायच्या. रक्त कुठाय? पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर, आणि बाहेर गेलेली परत येत नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये एक गेली. मग दुसरी. मग लागोपाठ दोघी. चार मिनिटं उरलेली असताना पिवळ्यांच्या बाजूला तिघीच राहिल्या होत्या. लवंगी, खांब आणि अबोली. बेंचवर बदली कोणी नाही. तिघी विरुद्ध पाच.

निळ्यांना वाटलं, आता काम फत्ते. त्यांना हे ठाऊक नव्हतं की तिघींनी अर्ध्या कोर्टावर खेळणं हाच या पोरींचा खरा खेळ होता. बाईंनी एक बोट वर केलं. तिघींनी बास्केटखाली अशी काही मोट बांधली, की पाचजणी एकमेकींच्या पायात अडखळू लागल्या. दोन मिनिटं निघाली. पिवळे त्रेसष्ट, निळे छप्पन्न.

मग दीड मिनिट उरलं असताना खांबचा हात आपला आपण वर गेला आणि निळ्या मुलीच्या कोपरावर पडला. शिट्टी. पाचवा फाऊल. खांब खाली मान घालून बेंचकडे चालत गेली. निळ्या मुलीने दोन फ्री थ्रोंपैकी एक घातला. त्रेसष्ट-सत्तावन्न. कोर्टावर उरल्या लवंगी आणि अबोली.

बाईंनी शेवटचा टाइम-आउट मागितला. पोरी गोळा झाल्या न झाल्या तोच स्पर्धेचे सचिव त्यांच्यात येऊन उभे राहिले. छातीवर बिल्ला, हातात निकालाचं कार्ड, आणि चेहऱ्यावर मयताला आलेल्या माणसाची सहानुभूती.

"पोरींनो, छान खेळलात हं, अगदी छान," ते म्हणाले. "पण आता दोघी विरुद्ध पाच म्हणजे बघवत नाही हो. प्रमुख पाहुण्यांनाही निघायचंय. त्यांना आणखी किती बसवून ठेवायचं? असं करा, तुमच्यापैकी एकीनं पाय मुरगळला म्हणून खाली बसायचं. एकच खेळाडू उरली की पंच सामना थांबवतात, तसा नियमच आहे. कोणाला कमीपणा नाही. रुपेरी पदक तुमचं कुठं जात नाही, आणि वर एक जिद्दी संघ म्हणून चषक द्यायला लावतो मी."

"आणि आमचे गुण?" लवंगीने विचारलं.

"कसले गुण?"

"त्रेसष्ट. फलकावर लिहिलेत बघा. मोठ्या अक्षरात."

सचिव हसले. "अगं, पुढे असलेल्या संघात एकच उरली तर निकाल दोन-शून्य असा लिहितात. समोरच्यांना दोन, तुम्हाला शून्य. नुसता कागदावरचा आकडा असतो तो. पोटाला काय कमी पडतंय त्यानं?"

"म्हणजे एक तास मेहनत केली ती पुसून टाकायची?"

"तू फार मनावर घेतेस बाळ."

लवंगीच्या जिभेवर जे आलं ते इथे छापण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात बाई बोलल्या. नेहमीच्याच आवाजात, म्हणजे सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

"दर वर्षी या स्पर्धेची पुस्तिका निघते. अंतिम सामन्याचा निकाल त्यात एका ओळीत असतो. आपल्या ग्रंथालयात सगळ्या वर्षांच्या आहेत. बावीस वर्षांपूर्वीच्या पुस्तिकेत दोन-शून्य असं छापलंय. हरलेल्या संघात मी होते. शेवटी आम्हीही दोघीच उरलो होतो, आणि असेच एक सद्गृहस्थ येऊन म्हणाले, पाय मुरगळल्याचं सांग. मी सांगितलं. माझा पाय ठणठणीत होता." बाईंनी चष्मा काढून पुसला. "आम्ही एक्कावन्न गुण केले होते. हे आता मी सोडून कोणालाही माहीत नाही. दोन-शून्य वाचून लोकांना वाटतं, त्या दिवशी कोणी खेळायला आलंच नव्हतं."

तीन वर्षं त्यांना ओळखणाऱ्या पोरींनी हे कधी ऐकलं नव्हतं. अबोली बाईंकडे टक लावून बघत राहिली.

"मी तुम्हाला काही सांगत नाही," बाई म्हणाल्या. "कप्तान तू आहेस. ठरव."

लवंगीने मनात हिशोब मांडला. तिचे स्वतःचे चार फाऊल झाले होते. अबोलीचे तीन. आणखी एकदा तिचा हात कोणाला लागला, की ती बाहेर, अबोली एकटी, सामना खलास, दोन-शून्य. ज्या हातांनी तीन वर्षं नुसतं ओढलं, ढकललं, झोंबलं, ते हात आता दीड मिनिट आवरून ठेवायचे होते. त्यात पाय इतके जड झाले होते की जमिनीला चिकटल्यासारखे वाटत होते. खाली बसणं किती सोपं होतं. कोणीही नावं ठेवली नसती.

तिने अबोलीकडे पाहिलं. "तुझं काय?"

"खेळायचं," अबोली म्हणाली. दिवसभरातला तिचा बहुधा चौथा शब्द.

लवंगी सचिवांकडे वळली. "साहेब, आमचे दोघींचे मिळून चार पाय आहेत, चारही शाबूत आहेत. पाहुण्यांना सांगा, घाई असेल तर निघा. आम्ही काही त्यांना बोलवायला गेलो नव्हतो."

पंचांची शिट्टी झाली. सचिव तोंड वेडंवाकडं करत टेबलाकडे परतले.

दोघींनी पाचजणींशी खेळायचं म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. एकीने रेषेबाहेरून चेंडू आत टाकायचा, तर घेणारी एकच. तिच्या अंगाला तीन निळ्या चिकटलेल्या. पहिल्या खेपेला लवंगीने कसाबसा चेंडू घेतला आणि पळत सुटली. बास्केट घालायला नव्हे, नुसती पळायला. या कडेहून त्या कडेला, एकीच्या काखेखालून, दुसरीच्या मागून. चोवीस सेकंदांत बास्केटकडे टाकावाच लागतो चेंडू. तेविसाव्या सेकंदाला तिने तो लांबून भिरकावला, कड्याला लागून गेला. निळ्यांनी पलीकडे जाऊन सहज दोन गुण केले. त्रेसष्ट-एकोणसाठ.

दुसऱ्या खेपेला चेंडू आत येताच हिसकावला गेला. त्रेसष्ट-एकसष्ट.

"अगं, धर तिला! धर!" आत्या किंचाळत होती. कुबड्यावाली पोर तिला ओढून खाली बसवत होती. "आत्या, धरायचं नाहीये! धरलं तर संपलं!"

"असला कसला खेळ? समोरची लुटून नेतेय आणि धरायचं नाही?"

तिसऱ्या खेपेला अबोलीने शक्कल लढवली. लवंगी चेंडू आत टाकायला उभी राहिली, आणि अबोली तिच्याजवळ यायचं सोडून उलट दिशेला, पार दुसऱ्या टोकाकडे धावली. निळ्या क्षणभर गोंधळल्या. लवंगीने जीव खाऊन चेंडू लांब फेकला. अबोलीने तो झेलला आणि बास्केटखाली कोपऱ्यात पोटाशी धरून, वळत, टप्पे टाकत, पुन्हा वळत चोवीस सेकंद काढले. तीन निळ्यांनी तिला घेरलं होतं. तिच्या कानाशी त्या काय काय बोलत होत्या, पण अबोलीला बोलण्यात गुंतवणं कोणाला जमलंय?

अर्ध मिनिट उरलं. निळ्यांनी हल्ला केला, अबोली मध्ये आली, धडक बसली, शिट्टी झाली. अबोलीचा चौथा. दोन फ्री थ्रो. पहिला चुकला, दुसरा गेला. त्रेसष्ट-बासष्ट. एकवीस सेकंद.

आता पुन्हा चेंडू आत टाकायची पाळी पिवळ्यांची होती. या वेळी पाचही निळ्या शहाण्या झाल्या होत्या. चौघींनी अबोलीला असं वेढलं की तिची पिवळी जर्सीही दिसेना, आणि पाचवी लवंगीसमोर हात पसरून उभी राहिली. चेंडू आत टाकायला पाच सेकंद मिळतात. पंच बोटांवर मोजू लागले. एक, दोन, तीन. टाकायला जागाच नव्हती. चार. पाच. शिट्टी. चेंडू निळ्यांना.

एकवीस सेकंद, एका गुणाची आघाडी, आणि दोघींचेही चार-चार फाऊल.

निळ्यांची कप्तान चेंडू घेऊन सावकाश पुढे आली. ताडमाड पोरगी, देशातली सर्वांत चांगली खेळाडू म्हणून वर्तमानपत्रात फोटो येणारी. तिला हिशोब बरोबर कळत होता. समोरच्या ठेंगणीच्या अंगावर सरळ चालून जायचं. तिने हात लावला तर सामना संपला. नाही लावला तर बास्केट मोकळीच आहे.

बेंचवरून खांब ओरडली, "लावू नको! लवंगे, हात लावू नको! सोड तिला!" पिवळ्यांच्या सगळ्या पोरी तेच ओरडत होत्या. सोड. एका गुणाने हरू, चालेल. निदान त्रेसष्ट लिहिले जातील.

लवंगीला ते ऐकू येत होतं. आणि तिला भयंकर राग आला. निळ्यांचा नाही, पोरींचाही नाही. बाजूला होऊन वाट करून देण्याचा आला. तेवढंच करायचं होतं, तर मघाशी त्या बिल्लेवाल्याचं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं?

पण हातांवर तिचा भरवसा नव्हता. ते आपोआप उठतात, हे तिने दिवसभर पाहिलं होतं. म्हणून तिने दोन्ही हात पाठीमागे नेले, उजव्या हाताने डावं मनगट गच्च धरलं, आणि निळ्या कप्तानाच्या अगदी वाटेत पाय रोवून उभी राहिली.

हॉलमध्ये हशा पिकला. वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरीसारखी ती दिसत होती.

निळी कप्तान डावीकडे वळली. लवंगीही वळली, हात तसेच पाठीमागे, छाती पुढे. उजवीकडे. पुन्हा तीच समोर. धडकली असती तर फाऊल निळ्यांचाच झाला असता, आणि हे कप्तानाच्या लक्षात आलं होतं. सेकंद चालले होते. दहा. आठ. तिला वाट मिळेना, आणि चेंडू मोकळ्या मैत्रिणीकडे द्यायचं ईर्ष्येपायी सुचलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर कोणीतरी असं उभं होतं, जे काहीच करत नव्हतं आणि हलतही नव्हतं. हशा केव्हा थांबला, कोणाच्या लक्षात आलं नाही.

चार सेकंदांवर ती घाबरली. मागे सरकून, एका पायावर तोल जात असताना तिने चेंडू टाकला. तो कड्यावर आपटला, उडाला, पुन्हा आपटला आणि बाहेर पडला.

अबोली उडी मारून वर गेली. पण तिथे चार निळे हात होते आणि पिवळे दोन. चारांपैकी एकाने चेंडूला वरच्या वर टिचकी मारली. चेंडू जाळीतून खाली येत होता तेव्हाच भोंगा वाजला.

चौसष्ट-त्रेसष्ट.

निळ्या एकमेकींच्या अंगावर पडून नाचू लागल्या. लवंगी होती तिथेच उभी होती. मनगट सोडलं तर त्यावर तिच्याच बोटांचे लाल वळ उठले होते. मग ती खाली बसली आणि हमसून हमसून रडली. का रडू नये? जिंकायलाच आली होती ती. एका गुणाने गेलेला सामना आणि चाळीस गुणांनी गेलेला, यात एका गुणाने गेलेलाच जास्त जिव्हारी लागतो. अबोली तिच्या शेजारी येऊन बसली. खांब आली, बाकीच्या आल्या. बाई आल्या आणि कोर्टावर, सगळ्यांसमोर, साडी सावरत मांडी घालून बसल्या. त्या लवंगीच्या मनगटावरून हात फिरवत राहिल्या.

बक्षीस समारंभाला अजिबात वेळ दवडला गेला नाही. पाहुणे घाईत होते. टेबल मांडलं गेलं, दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. सचिवांनी माइक हातात घेतला आणि कार्ड डोळ्यांसमोर धरून वाचायला सुरुवात केली. "राष्ट्रीय महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल अजिंक्यपद, अंतिम सामना. निळ्या संघाने पिवळ्या संघावर दोन-शून्य असा विजय मिळवून..."

कार्ड त्यांनी मघाशीच, टाइम-आउटनंतर भरून टाकलं होतं. वेळ वाचावा म्हणून. पोरी दीड मिनिट तग धरतील, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

प्रेक्षकांत कुजबूज सुरू झाली. सचिव पुढे वाचतच राहिले. प्रमुख पाहुण्यांनी पहिलं रुपेरी पदक उचललं आणि पिवळ्यांच्या कप्तानासमोर फीत दोन्ही हातांत ताणून धरली.

लवंगीने मान पुढे केली नाही.

"साहेब, ते खोडा," ती म्हणाली.

सचिवांनी माइकवर हात ठेवला. "काय?"

"दोन-शून्य लिहिलंय ते खोडा. चौसष्ट-त्रेसष्ट झालाय सामना."

"अगं, हरलातच ना? काय फरक पडतो? नंतर दुरुस्त करू."

"नंतर नाही. आत्ता. आमच्यासमोर."

"पाहुणे उभे आहेत, दिसत नाही का तुला?"

"आम्हीही उभ्याच आहोत. सकाळपासून."

पाहुणे एकदा सचिवांकडे, एकदा हातातल्या फितीकडे बघू लागले. तोपर्यंत गुण लिहिणाऱ्या बाई आपल्या टेबलावरून उठल्या होत्या. दिवसभर त्या मान वर न करता कागद भरत बसल्या होत्या, त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता. "चौसष्ट-त्रेसष्ट," त्या तिथूनच म्हणाल्या. "माझ्याकडे सह्या झालेला कागद आहे. तुमच्या कार्डावर काय आहे ते मला ठाऊक नाही."

निळ्यांची कप्तान रांगेतून दोन पावलं पुढे आली. "दोन-शून्यवालं कार्ड आम्हालाही नकोय," ती म्हणाली. "तीन वर्षांत एवढा घाम कोणी काढला नव्हता आमचा."

"ए बिल्लेवाले!" पहिल्या रांगेतून आवाज आला. आत्या उभी होती. "पोरगी काय म्हणतेय, ऐकू येत नाही का? लिही की!"

सचिवांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी खिशातून पेन काढलं, कार्ड टेबलावर ठेवलं आणि वाकले. लवंगी टाचा उंचावून त्यांच्या हाताकडे बघत होती. आकड्यांवर एक रेघ पडली, मग दुसरी. बाजूला त्यांनी नवे आकडे लिहिले.

"तीन नीट काढा," लवंगी म्हणाली. "दोन वाटतोय."

त्यांनी तीन पुन्हा गिरवला.

"आता वाचा. माइकवर."

सचिवांनी घसा साफ केला. "निळ्या संघाने," त्यांचा आवाज जरा फाटला, "निळ्या संघाने पिवळ्या संघावर चौसष्ट विरुद्ध... त्रेसष्ट असा विजय मिळवला."

लवंगीने मागे वळून बाईंकडे पाहिलं. बाईंनी चष्मा काढला होता आणि पुसायचा सोडून तो तसाच हातात धरून त्या उभ्या होत्या.

मग ती पाहुण्यांकडे वळली. "हं, घाला आता," ती म्हणाली आणि मान पुढे केली.